व्यवसाय वाढत असताना कर्मचाऱ्यांचे मन कामात कसे टिकवावे

आठ-दहा माणसांच्या व्यवसायात व्यवस्थापन असे वेगळे काही करावे लागत नाही. मालक सगळ्यांच्या समोर असतो, कोणाचे काम अडले आहे हे त्याला न विचारताही दिसते आणि शाबासकी असो वा कानउघाडणी, ती जागच्या जागी होते. माणसे तीस-चाळीस झाली की हे सगळे हळूहळू बंद पडते. पण ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मालक पूर्वीइतकाच, किंबहुना अधिकच, राबत असतो. निर्णय त्याच्या टेबलावर साठत जातात, नव्या माणसांना कोणाला विचारावे हे कळत नाही, जुनी माणसे पूर्वीच्या दिवसांच्या आठवणी काढू लागतात आणि मग ‘कर्मचाऱ्यांचे कामात मन नाही’ अशी तक्रार सुरू होते. माझ्या मते ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या माणसांविरुद्ध केलेली असते. पूर्वी मन लागत होते ते मालकाच्या रोजच्या सहवासामुळे, आणि तो सहवास कमी झाल्यावर त्याच्या जागी दुसरी व्यवस्था कोणी उभीच केली नाही. ती कशी उभी करावी, याविषयी हे लेखन आहे.

आधी पगाराचा प्रश्न मिटवावा

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार पगार, कामाच्या जागेची स्थिती आणि वरिष्ठांची वागणूक यांत उणीव असली की असंतोष निर्माण होतो. मात्र ती उणीव भरून निघाली म्हणून माणूस कामात रमतोच असे नाही, त्यासाठी काही साध्य केल्याचे समाधान, त्याची दखल आणि जबाबदारी लागते. या मांडणीवर पुढे टीका झाली असली, तरी तिने सुचवलेला क्रम व्यवहारात फार उपयोगी पडतो. पगार उशिरा होत असेल, जादा कामाचा मोबदला मिळत नसेल किंवा एकाच कामासाठी दोघांना वेगवेगळा पगार असून त्याचे कारण कोणी सांगत नसेल, तर सहली, सत्कार आणि वाढदिवसांचे कार्यक्रम यांवर केलेला खर्च वाया जातो.

चांगला पगार परवडत नाही असे म्हणण्यापूर्वी माणसे सोडून जाण्याचा खर्च मोजून पाहावा. फोर्ड मोटर कंपनीत १९१३ साली कामगार सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्के होते, म्हणजे सरासरीने एकेक जागा वर्षातून तीन-चार वेळा भरावी लागत होती. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने आठ तासांचा दिवस आणि दिवसाला पाच डॉलर, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट, मजुरी जाहीर केली आणि १९१५ मध्ये तेच प्रमाण १६ टक्क्यांवर आले. त्या सुमारास मंदी होती व बाहेर कामे कमी होती, याचाही त्यात वाटा असणार. तरीही घट किती मोठी होती हे आकडेच सांगतात. उमेदवार शोधणे, मुलाखती, शिकवण्यात गेलेला अनुभवी माणसाचा वेळ आणि नवख्या हाताच्या चुका यांचे हिशेबवहीत वेगळे खाते नसते, म्हणून पगारवाढ तेवढी महाग दिसते.

कोणता निर्णय कोणाचा, हे लिहून काढावे

विल्यम कान यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात माणूस कामात स्वतःला झोकून देतो त्याच्या तीन अटी सांगितल्या आहेत: काम अर्थपूर्ण वाटणे, मोकळेपणाने बोलल्याने आपले नुकसान होणार नाही असा विश्वास वाटणे, आणि त्या कामासाठी अंगात व मनात ताकद शिल्लक असणे. वाढत्या व्यवसायात या तिन्हींना एकदम धक्का देणारी गोष्ट म्हणजे निर्णयांची संदिग्धता. लहानसहान बाबीसाठी वरच्या होकाराची वाट पाहणाऱ्या माणसाला काम आपले वाटत नाही, स्वतःहून काही केले तर बोलणी खावी लागतील अशी धास्ती राहते आणि दिवसभराची शक्ती वाट पाहण्यातच संपते.

त्यावरचा उपाय साधा आहे, पण चिकाटीने करावा लागतो. मालकाने किंवा विभागप्रमुखाने दोन आठवडे स्वतःकडे आलेला प्रत्येक प्रश्न वहीत टिपावा: कोणी विचारला, कशाबद्दल होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी विचारणाऱ्याकडे नसलेली कोणती माहिती लागली. मग प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक शेरा लिहावा: ‘यापुढे तुम्हीच ठरवा’, ‘तुम्ही ठरवा आणि नंतर मला कळवा’, किंवा ‘आधी मला विचारा’. तिसऱ्या शेऱ्याचे प्रश्न अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघतात, आणि पहिल्या दोन शेऱ्यांच्या प्रश्नांत अडचण असते ती बहुधा माहितीची. साठा किती आहे, ग्राहकाला काय कबूल केले आहे, खर्चाची मर्यादा किती आहे, हे ज्याला दिसते तो निर्णय घेऊ शकतो. म्हणून अधिकार देताना ती माहितीही त्याच्या हाती द्यावी. यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी. त्यानंतर कोणी चुकीचा निर्णय घेतला, तर अधिकार परत काढून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. एकदा दिलेला अधिकार पहिल्याच चुकीला काढून घेतला की पुढे कोणीही तो मनापासून स्वीकारत नाही.

मधल्या फळीची निवड

या सगळ्या व्यवस्थेचे यश ज्यांच्यावर अवलंबून आहे ते म्हणजे पर्यवेक्षक. चाळीस माणसांच्या ठिकाणी कर्मचाऱ्याच्या दृष्टीने मालक लांबचा असतो आणि रोजचा अनुभव त्याच्या पर्यवेक्षकाचा असतो. तरीही ही नेमणूक करताना जो कामात सर्वांत कुशल, त्याला बढती, असा सरधोपट नियम लावला जातो. अमेरिकेतील शंभराहून अधिक कंपन्यांतील विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की चांगल्या विक्रेत्यांना बढती मिळण्याची शक्यता अधिक होती, पण व्यवस्थापक झाल्यावर त्यांच्या हाताखालच्या माणसांची कामगिरी तुलनेने खालावत होती. कारण उघड आहे: स्वतः विकणे आणि दुसऱ्याला विकायला शिकवणे ही दोन वेगळी कसबे आहेत.

म्हणून कुशल माणसासाठी पगारवाढीचा आणि मानाचा असा मार्ग खुला ठेवावा ज्यात त्याला माणसे सांभाळावी लागणार नाहीत. पर्यवेक्षक निवडताना कोणाकडे सहकारी आपणहून शंका विचारायला जातात आणि नवीन माणसाला कोण न कंटाळता शिकवतो, हे पाहावे. बढती कायम करण्यापूर्वी एखादा प्रकल्प किंवा एका नवख्याची जबाबदारी तीन महिन्यांसाठी सोपवावी, आणि ते न जमल्यास पूर्वीच्या कामावर सन्मानाने परतता येईल हे आधीच ठरवून घ्यावे.

पर्यवेक्षकाचे मुख्य काम आहे बोलणे, आणि त्याला त्यासाठी वेळ दिलेला असला पाहिजे. आठ माणसे असतील आणि प्रत्येकाशी पंधरवड्यातून अर्धा तास स्वतंत्र बोलायचे असेल, तर आठवड्याला दोनच तास लागतात. या भेटीत कामाचा हिशेब मागू नये. त्यासाठी इतर बैठका आहेत. ‘या दिवसांत तुमचे काम कुठे अडले?’, ‘माझ्याकडून काय हवे आहे?’, ‘कोणते काम उगाच करतो आहोत असे वाटते?’ एवढे तीन प्रश्न पुरतात, परंतु मिळालेली उत्तरे लिहून ठेवावीत आणि पुढच्या भेटीची सुरुवात मागच्या वेळी दिलेल्या शब्दाचे काय झाले, यापासून करावी. शब्द पाळता आला नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. ठरलेली भेट वारंवार पुढे ढकलणे हे ती न ठेवण्यापेक्षा वाईट, कारण त्यातून आपली जागा सर्वांत शेवटी आहे हे माणसाला दर वेळी नव्याने कळते.

कामाबद्दल अभिप्राय देतानाही काळजी घ्यावी. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले की अभिप्रायाने सरासरीने कामगिरी सुधारते, परंतु एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी ती घसरते. आणि अभिप्राय कामावरून माणसाच्या व्यक्तिमत्त्वाकडे वळला की त्याचा उपयोग कमी होत जातो. ‘तुम्ही बेफिकीर आहात’ हे वाक्य ऐकणारा स्वतःचा बचाव करू लागतो. ‘या तीन बिलांत तारीख चुकली, ती भरताना कुठे पाहता?’ या वाक्याने संभाषण बिलावर राहते आणि पुष्कळदा दोष फॉर्मच्या रचनेत सापडतो. वर्षभराच्या चुका साठवून वार्षिक आढाव्यात काढणे तर पूर्णपणे टाळावे.

कामाचा अर्थ दिसू द्यावा, आणि वाईट बातमीही

ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घडवली, आणि महिन्याभराने पाहिले तेव्हा त्यांचा फोनवरचा वेळ व जमवलेली रक्कम दोन्ही दुपटीहून अधिक झाली होती. पगार, नियम आणि वरिष्ठ तेच होते. उत्पादन विभागातल्या माणसाने माल वापरणाऱ्या ग्राहकाला कधी पाहिलेलेच नसते, हिशेब विभागाला आपल्या तक्त्यावरून कोणता निर्णय झाला हे कोणी सांगत नाही. तेव्हा अशा भेटी महिन्यातून एकदा मुद्दाम घडवाव्यात.

बातमी वाईट असली तरी ती वर पोहोचली पाहिजे. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास करताना चांगल्या पथकांत चुकांच्या नोंदी जास्त आढळल्या होत्या. ती पथके अधिक चुका करत होती असे नाही, तेथे चूक बोलून दाखवण्याची भीती कमी होती. तक्रारी अचानक थांबल्या तर समाधान मानू नये, चौकशी करावी. टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसताच कामगार दोरी ओढून मदत मागवतो आणि वेळेत दोष सुटला नाही तर उत्पादनाची ती ओळ थांबते. ही पद्धत टिकते ती दोरी ओढणाऱ्याला वरिष्ठ रागावत नाहीत म्हणून.

मोजमाप आणि निरोप

माणसे सोडून जाण्याचे प्रमाण काढायला सोडून गेलेल्यांची वर्षभरातील संख्या भागिले सरासरी कर्मचारीसंख्या गुणिले शंभर, एवढे गणित पुरेसे आहे. सरासरी चाळीसांपैकी दहा गेले, तर प्रमाण २५ टक्के झाले. पण खरी माहिती त्या दहांच्या तपशिलात असते. सहा जण पहिल्या तीन महिन्यांत गेले असतील तर भरतीच्या वेळी दाखवलेले काम आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर आहे. सहा जण एकाच पर्यवेक्षकाकडचे असतील तर त्या पर्यवेक्षकाला मदत किंवा बदली हवी आहे. प्रश्नावली भरून घ्यायची असेल तर मिळणाऱ्या उत्तरांपैकी निदान दोन गोष्टी महिन्याभरात बदलण्याची तयारी असेल तेव्हाच घ्यावी.

राजीनामा देणाऱ्याशी त्याच्या पर्यवेक्षकाखेरीज दुसऱ्या कोणी तरी शांतपणे बोलावे, त्याचे सर्व येणे वेळेवर चुकते करावे आणि जाण्याचा विचार पहिल्यांदा कोणत्या प्रसंगी मनात आला, हे विचारावे. पगाराचे कारण सांगणे सोपे असते, म्हणून बहुतेक जण ते सांगतात. त्या पहिल्या प्रसंगाची चौकशी केली की खरी अडचण बाहेर येते. ती त्याच्या जागी येणारा नवा माणूस रुजू होण्यापूर्वी दूर करावी.