मेनफ्रेमवरच्या लिनक्सला नवीन डिस्क जोडायची कशी (पावसाळ्यासकट)

मशीन लांबच्या डेटा सेंटरात आणि तुम्ही रत्नागिरीला घरी बसलाय, अशा मंडळींसाठी हे लिहितोय, म्हणजे आयबीएम झेडवर (आयबीएमच्या मेनफ्रेमवर) लिनक्स चालतंय आणि त्याला अजून एक ईसीकेडी डिस्क (मेनफ्रेमच्या पद्धतीची डिस्क), म्हणजे आपली डॅस्ड, द्यायची आहे.

आधी स्टोरेजवाल्यांकडून डिव्हाइस नंबर लेखी घ्या, फोनवर ऐकून कामाला लागू नका. समजा ०२०१ मिळाला, तर 'सीएचझेडडेव्ह डॅश ई डॅस्ड ०.०.०२०१' मारा, यानं डिस्क लगेच ऑनलाइन येते आणि रीबूटनंतरही राहते. मग 'एलएसडॅस्ड' बघा. आमच्यासारखी एकच जुनी डिस्क असेल तर नवीन डॅस्डबी म्हणून दिसेल, नंबर ९४:४. फॉरमॅट नसेल तर स्टेटसला एन/एफ येतं.

आता खरं सांभाळायचं ते इथे. फॉरमॅट करण्याआधी 'डॅस्डव्ह्यू डॅश एल' करून व्हॉल्यूम लेबल वाचाच, कारण चुकून झेड/ओएसची (मेनफ्रेमच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिमची) डिस्क जोडली गेली असेल तर ती तुमच्या लिनक्सवर माउंट नसते, त्यामुळे ती वापरात आहे असं सिस्टिमला वाटतच नाही, तुम्ही येस टाइप केलंत की तिथला डेटा गेला. कुठलं ओळखीचं लेबल दिसलं की थांबा आणि विचारा.

सगळं बरोबर असेल तर आधी टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) चालू करा, त्यातच 'डॅस्डएफएमटी डॅश बी ४०९६ डॅश डी सीडीएल डॅश पी' आणि पुढे डिस्कचं नाव. मोठ्या डिस्कला बराच वेळ लागतो आणि जून-जुलैत आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, इन्व्हर्टर असला तरी नेट जातंच, सेशन तुटलं तरी टीमक्समधलं काम तिकडे सर्व्हरवर चालू राहतं, परत लॉगिन करून जोडून घ्यायचं. तरी मध्येच बंद पडलं तर सरळ पहिल्यापासून फॉरमॅट करा.

साइज बघून घाबरू नका: ३३९०-३ मॉडेलमध्ये ३३३९ सिलिंडर, प्रत्येकी १५ ट्रॅक, आणि ४०९६ बाइटच्या ब्लॉकनं एका ट्रॅकवर १२च ब्लॉक बसतात, म्हणून कागदावरचे २.८ जीबी 'एलएसडॅस्ड'मध्ये २३४७ एमबी दिसतात.

पुढे 'एफडॅस्ड डॅश ए' करून एकच पार्टिशन करा (जास्तीत जास्त तीन होतात), मग ईएक्सटी४ बनवा, किंवा एलव्हीएम (अनेक डिस्क एकत्र करून वापरायची सोय) असेल तर पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्स्टेंड, एलव्हीएक्स्टेंड आणि शेवटी फाइलसिस्टिम मोठी करणं विसरू नका.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्या फाइलमध्ये) डॅस्डबी१ असं नाव कधीच लिहू नका, डिस्क सापडायचा क्रम बदलला की नाव बदलतं. डेव्ह/डिस्कखालच्या बाय-पाथ फोल्डरमधलं सीसीडब्ल्यू-०.०.०२०१-पार्ट१ वापरा, मग 'माउंट डॅश ए' करून एरर येत नाही ना ते तेव्हाच बघा.