पुस्तकांच्या सूचीचा पहिला प्रोग्राम: पुस्तक वेगळं, प्रत वेगळी

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकायला घेतलं की पुस्तकांची सूची हा स्वाध्याय हमखास वाट्याला येतो. बहुतेक ठिकाणी तो एकाच साच्यातला असतो. पुस्तक नावाचा एक क्लास (म्हणजे एका जातीच्या वस्तूंचा नमुना), त्यात शीर्षक, लेखक, किंमत आणि पुस्तक बाहेर गेलंय का हे सांगणारी एक खूण. प्रोग्राम चालतो, गुणही मिळतात. मग घरात 'कोसला'ची दुसरी प्रत येते आणि सगळं गडबडतं. दोन नोंदी केल्या तर एकीत 'नेमाडे भालचंद्र' आणि दुसरीत 'भालचंद्र नेमाडे' होणार. एकच नोंद ठेवून संख्या २ लिहिली, तर मावशीकडे गेलेली प्रत कोणती हे कळणार नाही.

वाचनालयांनी हा गुंता कधीच सोडवलेला आहे. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक मिळतो, मग एकाच पुस्तकाच्या दहा प्रती का असेनात. आपला प्रोग्राम तीच वही डोळ्यांसमोर ठेवून लिहू. भाषा पायथॉन.

आधी कागद

संगणक सुरू करण्याआधी कागदावर लिहा की आपल्या कपाटात नेमक्या कोणत्या वस्तू आहेत, आणि प्रत्येकीला स्वतःबद्दल काय माहीत असायला हवं. हा वेळकाढूपणा नाही. क्लास आणि ऑब्जेक्ट (क्लासवरून बनलेली एकेक वस्तू) ही कल्पना ज्या सिम्युला ६७ भाषेतून आली, ती नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी बनवली, तीच मुळी खऱ्या जगातल्या व्यवहारांची नक्कल संगणकात उभी करायला.

आपल्याकडे तीन वस्तू निघतात. पुस्तकाला शीर्षक, लेखक आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष माहीत असतं. प्रतीला दाखल क्रमांक, ती कोणत्या पुस्तकाची आहे आणि सध्या कोणाकडे आहे हे माहीत असतं. सूचीला सगळ्या प्रती माहीत असतात. आवृत्ती, विकत घेतल्याची किंमत, फाटलेलं मुखपृष्ठ हे सगळं प्रतीचं. एखादी माहिती कुठे टाकावी कळेना तर एवढंच विचारा: दुसऱ्या प्रतीत ती वेगळी असू शकते का? असेल तर ती प्रतीकडे.

आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाला, ओळख क्रमांक करायचा मोह होईल, तो टाळा. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, आणि नव्यांवर असला तरी एका आवृत्तीच्या सगळ्या प्रतींना तो एकच. नोंदवायचा असेल तर मजकूर म्हणून नोंदवा, संख्या म्हणून नको, कारण दहा अंकी जुन्या आयएसबीएनच्या शेवटी अंकाऐवजी रोमन एक्स येऊ शकतो.

तयारी

पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरून आवृत्ती ३ मधली ताजी घ्या. सोबत आयडल नावाचा साधा संपादक येतो, सुरुवातीला तेवढा पुरे. पायथॉन ३ मध्ये क्लास, चल (व्हेरिएबल) आणि मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन) यांची नावं देवनागरीत ठेवता येतात. आपण तसंच करू.

खालच्या कोडमध्ये पायथॉनचे स्वतःचे शब्दही वाचायला सोपे जावेत म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. क्लास, डेफ, इनिट, स्ट्र (एस-टी-आर), इफ, इज, नॉट, ऑर, इन, फॉर, रिटर्न, रेझ, व्हॅल्यूएरर, नन, सीएचआर, रिप्लेस, अपेंड, व्हॅल्यूज, प्रिंट एवढे शब्द टाइप करताना इंग्रजी अक्षरांत टाका. नन चा एन आणि व्हॅल्यूएरर चे व्ही आणि ई कॅपिटल. बाकी नावं दिलीत तशीच राहू द्या. कोडमधले आकडेही इंग्रजीच हवेत, १९६३ असं थेट लिहिलं तर पायथॉन चूक दाखवतो. गंमत म्हणजे वापरणाऱ्याने 'कोणतं वर्ष?' याचं उत्तर देवनागरीत दिलं, तर इंट हे फंक्शन त्याची संख्या बिनतक्रार करून देतं.

पुस्तक

```
क्लास पुस्तक:
    डेफ __इनिट__(स्वतः, शीर्षक, लेखक, क्रमनाव=नन, वर्ष=नन):
        स्वतः.शीर्षक = शीर्षक
        स्वतः.लेखक = लेखक
        स्वतः.क्रमनाव = क्रमनाव ऑर लेखक
        स्वतः.वर्ष = वर्ष

    डेफ __स्ट्र__(स्वतः):
        रिटर्न स्वतः.शीर्षक + ", " + स्वतः.लेखक
```

इनिटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर आहेत. नवं पुस्तक बनताना ही मेथड आपोआप चालते. 'स्वतः' म्हणजे आत्ता ज्या पुस्तकावर काम चाललंय ते. पायथॉनच्या जगात इथे सेल्फ लिहायचा रिवाज आहे, पण तो रिवाजच, सक्ती नाही. कोड पुढे इतरांना दाखवायचा असेल तर मात्र सेल्फच बरं. स्ट्र नसेल तर पुस्तक प्रिंट केल्यावर शीर्षकाऐवजी मेमरीतला पत्ता दिसतो.

'क्रमनाव' कशाला? मुखपृष्ठावर 'पु. ल. देशपांडे' असतं, पण यादीत त्यांना 'देशपांडे' खाली शोधतात. नावाचे तुकडे करून शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असा नियम लावायला जाल तर साने गुरुजी 'गुरुजी' खाली जातील, आणि कुसुमाग्रजांना आडनावच सापडणार नाही. हे ठरवणं माणसावर सोडा. काही दिलं नाही तर 'ऑर लेखक' मुळे लेखकाचंच नाव वापरलं जातं.

आता पुस्तकं बनवा:

```
कोसला = पुस्तक("कोसला", "भालचंद्र नेमाडे", "नेमाडे, भालचंद्र", 1963)
वरात = पुस्तक("वाऱ्यावरची वरात", "पु. ल. देशपांडे", "देशपांडे, पु. ल.")
```

इथे देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. इंग्रजीत क्लासचं नाव कॅपिटल अक्षराने आणि चलाचं लहान अक्षराने सुरू करतात, त्यामुळे दोन्ही नावं एकच शब्द असली तरी टक्कर होत नाही. देवनागरीत कॅपिटल नाही. 'पुस्तक = पुस्तक("कोसला", ...)' असं लिहिलंत तर पहिल्यांदा चालतं, पण त्या ओळीनंतर 'पुस्तक' म्हणजे क्लास उरत नाही, ते एकटं कोसला होतं. पुढचं पुस्तक बनवायला गेलात की पायथॉन म्हणतो, ही गोष्ट फंक्शनसारखी हाक मारण्याजोगी नाही. आणि चूक दाखवली जाते दुसऱ्या ओळीवर, म्हणून नवशिका तिथेच शोधत बसतो. क्लासना दिलेली नावं चलांना द्यायची नाहीत, हा नियम पहिल्यापासून पाळा.

प्रत

```
क्लास प्रत:
    डेफ __इनिट__(स्वतः, दाखल, ग्रंथ):
        स्वतः.दाखल = दाखल
        स्वतः.ग्रंथ = ग्रंथ
        स्वतः.कोणाकडे = नन

    डेफ द्या(स्वतः, वाचक):
        इफ स्वतः.कोणाकडे इज नॉट नन:
            रेझ व्हॅल्यूएरर("ही प्रत बाहेर आहे: " + स्वतः.कोणाकडे)
        स्वतः.कोणाकडे = वाचक

    डेफ परत_घ्या(स्वतः):
        स्वतः.कोणाकडे = नन
```

'ग्रंथ' मध्ये शीर्षकाचा मजकूर नाही, अख्खं पुस्तक-ऑब्जेक्ट आहे. दोन प्रती बनवून पाहा:

```
पहिली = प्रत(101, कोसला)
दुसरी = प्रत(102, कोसला)
दुसरी.द्या("मावशी")
प्रिंट(पहिली.कोणाकडे)
प्रिंट(दुसरी.कोणाकडे)
```

पहिल्या ओळीत नन येईल, दुसऱ्यात मावशी. आता 'कोसला.शीर्षक' बदलून पाहा. दोन्ही प्रतींचं शीर्षक एकदम बदलेल, कारण पुस्तक एकच आहे आणि दोघी त्याच्याकडेच बोट दाखवताहेत. ही गोष्ट हाताने करून पाहा, पुढे जायची घाई नको. क्लास आणि ऑब्जेक्टच्या व्याख्या पाठ करून जे कळत नाही ते इथे कळतं.

'द्या' मधली तपासणीही मुद्दाम प्रतीच्या आत ठेवली आहे. बाहेर गेलेली प्रत दुसऱ्याला देता येत नाही हा प्रतीचा स्वतःचा नियम. तो मेनूच्या कोडमध्ये लिहिलात तर उद्या दुसरीकडून 'द्या' म्हटल्यावर कोणीच अडवणार नाही.

सूची

```
क्लास सूची:
    डेफ __इनिट__(स्वतः):
        स्वतः.प्रती = {}

    डेफ नोंदवा(स्वतः, नवी):
        इफ नवी.दाखल इन स्वतः.प्रती:
            रेझ व्हॅल्यूएरर("हा दाखल क्रमांक वापरलेला आहे")
        स्वतः.प्रती[नवी.दाखल] = नवी

    डेफ शोधा(स्वतः, शब्द):
        सापडल्या = []
        फॉर एक इन स्वतः.प्रती.व्हॅल्यूज():
            इफ साफ(शब्द) इन साफ(एक.ग्रंथ.शीर्षक + एक.ग्रंथ.लेखक):
                सापडल्या.अपेंड(एक)
        रिटर्न सापडल्या
```

महिरपी कंस म्हणजे डिक्शनरी. दाखल क्रमांक दिला की प्रत हातात येते. ती इनिटच्या आतच बनवा. क्लासच्या ओळीखाली थेट 'प्रती = {}' लिहिलंत तर घरची आणि ऑफिसची अशा दोन सूच्या केल्यावर दोघींची पुस्तकं एकाच ढिगात पडतील.

हरवलेली किंवा वाळवीने खाल्लेली प्रत डिक्शनरीतून पुसू नका. वाचनालयात ती बाद करतात, म्हणजे शेरा मारतात, आणि तो क्रमांक पुन्हा कोणाला देत नाहीत. प्रतीच्या क्लासमध्ये 'शेरा' नावाची एक जागा वाढवली की काम होतं.

मराठी शोध का फसतो

वरच्या 'शोधा' मध्ये 'साफ' नावाचं फंक्शन वापरलंय, ते अजून लिहिलेलं नाही. मराठी सूचीचा खरा कस इथेच लागतो.

'वाऱ्यावरची वरात' मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पायथॉनला निरनिराळे. तसंच ॲ चं. हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने अजूनही बरेच जण अ वर चंद्र देऊन ते बनवतात, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (मजकूर एका रूपात आणणं) या दोघांना एक करत नाही. शिवाय 'पु. ल.' आणि 'पु.ल.' आहेतच. तेव्हा तुलना करण्यापुरता मजकूर एका वळणावर आणायचा:

```
डेफ साफ(मजकूर):
    मजकूर = मजकूर.रिप्लेस(सीएचआर(8205), "")
    मजकूर = मजकूर.रिप्लेस("ऱ", "र")
    मजकूर = मजकूर.रिप्लेस("अॅ", "ॲ")
    मजकूर = मजकूर.रिप्लेस(".", "").रिप्लेस(" ", "")
    रिटर्न मजकूर
```

8205 हा त्या अदृश्य जोडचिन्हाचा क्रमांक. ते आधी काढायचं, कारण अ आणि चंद्राच्या मधेही ते लपलेलं असू शकतं. मूळ शीर्षकाला हात लावायचा नाही, दाखवताना ते जसंच्या तसं दाखवायचं. हे फंक्शन कोणत्याच क्लासमध्ये नाही आणि नसलेलंच बरं. त्याला ना पुस्तक माहीत हवं ना प्रत. सगळं काही क्लासमध्ये कोंबायचा हट्ट धरू नये.

यादी क्रमाने लावायला सॉर्टेड वापरा आणि 'क्रमनाव' हा निकष द्या. क्रम युनिकोडच्या क्रमांकांनुसार लागतो, म्हणून ळ हा ह च्या नंतर न येता ल च्या लगेच नंतर येतो, आणि ज्ञ शेवटी न जाता ज च्या गटात बसतो. घरच्या कपाटाला एवढं चालतं.

दिवाळी अंक आले तर

दिवाळी अंकाला लेखक नसतो, संपादक असतो. इथे बहुतेक जण इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने वारशाने घेणं) काढतात: पुस्तकाखाली कादंबरी, कवितासंग्रह, दिवाळी अंक असे क्लास. माझं मत, कादंबरी आणि कवितासंग्रह यांना वेगळे क्लास नकोतच, 'प्रकार' अशी एक जागा पुरते, कारण दोघांच्या वागण्यात फरक नाही. दिवाळी अंकाला स्वतंत्र क्लास द्या, पण पुस्तकाचा वारस न करता. त्यात शीर्षक, संपादक, वर्ष ठेवा, आणि शोधासाठी दोन्ही क्लासमध्ये 'शोध_मजकूर' नावाची मेथड लिहा. पुस्तकाची मेथड शीर्षक आणि लेखक देईल, अंकाची शीर्षक आणि संपादक. मग 'शोधा' मध्ये 'एक.ग्रंथ.शीर्षक + एक.ग्रंथ.लेखक' च्या जागी 'एक.ग्रंथ.शोध_मजकूर()' टाका. सूचीला समोर पुस्तक आहे की अंक हे विचारावंच लागत नाही. यादीतला क्रमही 'क्रमनाव' वर लागतो, तेव्हा अंकाला तीही जागा द्या.

साठवण

प्रोग्राम बंद केला की सगळं जातं, म्हणून जेसन फाईलमध्ये (माहिती साध्या मजकुराच्या रूपात साठवणाऱ्या फाईलमध्ये) ठेवा. फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा, नाहीतर विंडोजवर देवनागरी लिहिताना चूक येऊ शकते. जेसन डम्पला 'एन्श्युअर आस्की' फॉल्स द्या, म्हणजे फाईल उघडल्यावर आकड्यांच्या माळेऐवजी मराठी दिसेल.

पुस्तकं आणि प्रती दोन वेगळ्या याद्यांत साठवा. प्रतीच्या नोंदीत पुस्तकाची माहिती पुन्हा लिहू नका, पुस्तकांच्या यादीतला त्याचा अनुक्रमांक लिहा. वाचून घेताना आधी सगळी पुस्तकं बनवा, मग अनुक्रमांकावरून प्रती त्यांना जोडा. वाचून तयार झालेल्या सूचीला 'कपाट' हे नाव दिलं असेल, तर जमलं का ते एका ओळीत तपासता येतं:

```
प्रिंट(कपाट.प्रती[101].ग्रंथ इज कपाट.प्रती[102].ग्रंथ)
```

उत्तर ट्रू आलं तर दोन्ही प्रती एकाच कोसलाला जोडलेल्या आहेत. फॉल्स आलं तर वाचताना तुम्ही प्रत्येक प्रतीसाठी नवं पुस्तक बनवताय.