नेस्बी खेळताना रूपर्टला परत वळू देऊ नका

इंग्लंडच्या यादवी युद्धातली नेस्बीची लढाई (१४ जून १६४५) छोट्या सैनिकांच्या युद्धखेळात टेबलावर मांडताना सगळे भाले-बंदुकांच्या नियमांवर डोकं खपवतात. पण ती फिरली घोडदळामुळे. राजाच्या बाजूच्या प्रिन्स रूपर्टने समोरची, पार्लमेंटच्या बाजूच्या आयर्टनची घोडदळाची फळी फोडली आणि त्याचे स्वार थेट पार्लमेंटच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत गेले. ते परतेपर्यंत दुसऱ्या बगलेवर पार्लमेंटच्याच क्रॉमवेलने आपले काही स्वार राजाच्या पायदळावर वळवलेही होते.

खेळाडूला हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे तो रूपर्टला शहाण्यासारखा लगेच मागे वळवतो. मग नेस्बी उरतच नाही!

म्हणून चकमक जिंकलेल्या प्रत्येक घोडदळ तुकडीसाठी एक साधा फासा टाका. रूपर्टची तुकडी ५ किंवा ६ पडले तरच थांबेल. क्रॉमवेलची ३ किंवा जास्त पडले तरी. न थांबलेली तुकडी पाठलाग करत टेबलाबाहेर जाते आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये ६ पडला तरच परत येते. तेव्हाही घोडे दमलेले असतात, धडकेचा फायदा देऊ नका. सामानाच्या दोन-तीन गाड्या मात्र कडेला मांडाच, रंगवायचा कितीही कंटाळा आला तरी.