पहिली-दुसरीच्या वर्गात मनीमाऊच्या कविता म्हणताना या चुका टाळा

कुत्र्या-मांजरांची गमतीची कविता म्हटली की मुलं हसणारच, असं आपण धरून चालतो. मग कविता संपते आणि सगळा वर्ग नुसता आपल्याकडे बघत राहतो. अशा वेळी कवितेला दोष देऊ नका, बहुधा आपलं म्हणणंच चुकलेलं असतं. वर्गासाठी मी जुळवलेल्या या चार ओळी घ्या:

मनीनं खाल्ली सगळी साय,
आजी म्हणाली, ‘झालं काय?’
मनी म्हणते, ‘मी नाही बाई,
मिशीला लागलीय पांढरी शाई!’

शेवटची ओळ एका दमात म्हणून टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. ‘पांढरी’ म्हटल्यावर थांबायचं. मनात एक, दोन मोजायचं. तेवढ्यात कुणीतरी ‘साय!’ म्हणून ओरडतंच. मग अगदी साळसूद चेहऱ्यानं म्हणायचं, ‘शाई!’ मनीची चोरी मुलांनी पकडलेली असते आणि मनी मात्र थाप मारतेय, हसू येतं ते याचं. आपणच आधी हसलो तर सगळं फुकट. म्हणून ओळी तोंडपाठ हव्यात. पुस्तकात डोकं घालून वाचलं तर मुलांचे डोळे दिसत नाहीत आणि नेमकं कुठे थांबायचं तेही कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे गंमत फोडून सांगणं. ‘शाई कधी पांढरी असते का रे?’ असं विचारलं की कवितेचा धडा झाला. एखादा शब्द अडणार असेल तर तो आधीच गप्पांमध्ये सोडवावा. घरी दूध तापवलं की वर काय धरतं? मतदानाच्या दिवशी आईच्या बोटाला काय लावतात? एवढं पुरतं. प्रश्नोत्तरं आणि पाठांतर त्या दिवशी नकोच. लगेच पुन्हा म्हणायची, आणि या वेळी शेवटचा शब्द मुलांचा.

वर्गात म्याव-म्याव, भू-भू सुरू झालं तर ‘गप्प बसा’ म्हणू नका. हात वर केला की म्याव, मूठ मिटली की चिडीचूप, अशी खूण ठरवून घ्या. दोन दिवसांत मुलं स्वतःच मुठीकडे बघायला लागतात.

कविता निवडतानाही जपायला हवं. शेपटीला डबा बांधला, झोपलेल्या कुत्र्यावर पाणी ओतलं, असल्या विनोदावर सहा वर्षांचं मूल आधी हसतं आणि मग घरी जाऊन करून बघतं. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा लागतो; ती वेळ कवितेमुळे येऊ नये. पिंजऱ्यातल्या मिठूचंही तसंच. आपल्याकडचे पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. त्याला पेरूच्या झाडावर बसवा, तिथे तो जास्त खोड्या करतो.

आणि ‘कुणाकुणाच्या घरी कुत्रा आहे?’ अशी सुरुवात टाळा. हात वर न करणारी मुलं तिथेच गप्प होतात. ‘तुमच्या ओळखीचा प्राणी कोण?’ असं विचारलं की गल्लीतला मोती, आजोळची शेळी, गोठ्यातलं वासरू, सगळे येतात.

माझी एक चूक सांगते. याच चार ओळींवर वर्ग हसत असताना एका मुलीनं डोकं खाली घातलं. तिची मांजर आदल्या आठवड्यात गेली होती आणि मी कुणाला काही विचारलंच नव्हतं. कविता तिथेच थांबवली, तिच्याजवळ जाऊन बसले आणि मांजरीचं नाव विचारलं. चिंगी. दुसऱ्या दिवशी चिंगी काय काय चोरायची ते तिनं आपणहून सगळ्यांना सांगितलं. मग आम्ही मनीच्या जागी चिंगी घातली आणि पुन्हा म्हटली. ‘पांढरी’पाशी वर्ग थांबला. ‘शाई’ तिनं एकटीनं म्हटलं.