वॉरंटी संपलेलं जीपीएस: उघडायच्या आधी सेलची खोबण बघा

माझं हातातलं जीपीएस २०१२ सालचं. त्या दुष्काळात केज आणि धारूर तालुक्यातल्या विहिरींची नोंद करायचं काम अंगावर आलं, तेव्हा घेतलेलं. दोन पेन्सिल सेल, छोटा स्क्रीन, वरच्या कोपऱ्यात अंगठ्यानं फिरवायची दांडी आणि कडेनं रबरी पट्टा. वॉरंटी एका वर्षाची होती, ती पुढच्या खरिपातच संपली. त्यानंतर ते दोनदा चालत्या गाडीवरून पडलं, एकदा नाल्याच्या चिखलात आख्खी रात्र राहिलं, तरी चालत होतं. मागच्या दिवाळीनंतर कपाटातून काढलं तर ढिम्म. बटण दाबलं, काही नाही.

जिथं विचारायचं तिथं फोन लावला. "मॅडम, हे मॉडेल बंद झालंय, नवीन घेऊन टाका." नव्याची किंमत ऐकली आणि फोन ठेवला. मोबाईल आहे की, असं घरात सगळेच म्हणतात. मे महिन्यात बालाघाटच्या उघड्या बरडावर दुपारी बारा वाजता मोबाईल धरून बघावा माणसानं. स्क्रीन दिसत नाही, अर्ध्या तासात फोन तापून बंद पडतो, आणि वस्तीवर लाईट नसेल तर चार्जिंगचंही तोंड बघायचं. या डबड्याचं उलटं आहे. जितकं ऊन तितका स्क्रीन ठळक, आणि सेल कुठल्याही किराणा दुकानात.

शिवाय माझ्या त्यात ३१२ विहिरींचे पॉइंट होते. काही वहीत उतरवलेले, बरेच नाहीत. म्हणून दुरुस्तीचा विचार करायच्या आधी ते बाहेर काढायचे होते, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. स्क्रू ड्रायव्हर नंतर.

त्यासाठी मिनी यूएसबीची केबल लागते. जुन्या कॅमेऱ्यांना यायची ती, एका बाजूला निमुळती. घरात सापडेलच, पण ती नुसती चार्जिंगची नसावी. तसल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात आणि आपण उगाच युनिटला मेलेलं समजतो. दोन्ही सेल काढा, मेमरी कार्ड असेल तर तेही काढा आणि केबल लॅपटॉपला लावा. माझ्या युनिटला केबलमधून वीज मिळते, सेल लागत नाहीत. लावल्याबरोबर स्क्रीन उजळला आणि लॅपटॉपवर पेनड्राइव्हसारखं चिन्ह आलं. जीपीएक्स नावाचं फोल्डर असतं, पॉइंट त्यातच असतात, ते पूर्ण कॉपी केलं, एकदा लॅपटॉपवर, एकदा भावाच्या कॉम्प्युटरवर.

यातच निम्मं निदान झालं. केबलवर चालतं आणि सेलवर चालत नाही, म्हणजे आतलं सगळं ठीक आहे, बिघाड सेलच्या वाटेत आहे. केबलवरही उठलं नसतं तर मी निराळा रस्ता धरला असता. आणि कार्ड काढल्यावर चालू होतं, घातल्यावर अडकतं असं दिसलं तर दोष कार्डात किंवा त्यातल्या नकाशाच्या फाइलमध्ये. तेवढ्यासाठी युनिट उघडणारे लोक मी बघितलेत.

आता सेलची खोबण. पाठीमागचं झाकण काढून टॉर्च मारला. डाव्या खोबणीत, सेलचं चपटं बूड टेकतं त्या स्प्रिंगवर पांढरी खरपुडी चढली होती. खाली दाट, टोकाकडं विरळ. दिसायला थेट पापडखार, आणि आहेही त्याच जातीचं. अल्कलाइन सेलमधून जे झिरपतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि हवेत राहिलं की त्याचा खार बनतो. क्षार आहे म्हटल्यावर उतारा आंबटच लागणार. कान साफ करायची काडी लिंबाच्या रसात बुडवून, पिळून, जवळजवळ कोरडी करून स्प्रिंगवर फिरवली. बारीक फस्स आवाज आला, फेस आला, आणि काडी राखाडी झाली. अशा अकरा काड्या लागल्या. घाई करून रस ओतायचा नाही, तो स्प्रिंगच्या बुडातून आत उतरतो. शेवटी दोन-तीन काड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या, म्हणजे लिंबाचा चिकटा राहत नाही आणि ओलही उडून जाते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं.

इथं एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. खेड्यातल्या दुकानात मिळतात ते स्वस्तातले साधे सेल अल्कलाइन नसतात, झिंक-कार्बनचे असतात. त्यांच्यातून पाझरतं ते आम्ल. त्यावर लिंबू लावलं तर आगीत तेल. तिथं खायचा सोडा चिमूटभर पाण्यात कालवून, त्याची ओलसर काडी फिरवायची, मग साध्या पाण्याची, मग अल्कोहोलची. कुठले सेल होते ते त्यांच्या अंगावर लिहिलेलं असतंच, फेकायच्या आधी वाचा. खार बोटांना लागू देऊ नका, आणि डोळे तर चोळूच नका.

साफ झाल्यावर स्प्रिंग काळपट राहिली तर शाळेच्या पेन्सिलचं खोडरबर घासा. पॉलिश पेपर नको. वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथंच गंज धरतो. स्प्रिंग दबून बसली असेल तर चिमट्यानं हलकेच दोन मिलिमीटर वर ओढायची. गाडीवर खड्डा आला की युनिट आपोआप बंद होतं, ही तक्रार नव्वद टक्के वेळा याच दबलेल्या स्प्रिंगची असते (नव्वद हा माझा अंदाज, पण मी बऱ्याच जणांची युनिटं बघितलीत). चॉकलेटचा चांदीचा कागद घडी करून खोबणीत खुपसणारे भेटतात. तो सरकून दोन टोकांना टेकला तर सेल तापतो. नकोच.

एवढ्यावर माझं युनिट चालू झालं. खर्च म्हणाल तर लिंबू घरचं.

पण चालू झालं म्हणजे लगेच जागा सापडली असं नाही. खूप महिने बंद असलेल्या युनिटला आकाशात कुठला उपग्रह कुठं आहे याची यादी नव्यानं उतरवून घ्यावी लागते, आणि ती पूर्ण यादी उपग्रहांकडून यायलाच साडेबारा मिनिटं लागतात. तेव्हा अंगणात, झाडापत्र्यापासून लांब, बाजेवर वीस मिनिटं आकाशाकडं तोंड करून ठेवून द्या आणि चहा घ्या. हातात घेऊन फिरत बसलात तर वेळ वाढतोच. अँटेना चपटा असेल तर युनिट आडवं ठेवायचं, डोक्यावर जाड ठोंब असलेलं असेल तर उभं.

सेटिंगमध्ये तीन ठिकाणी नजर टाका. सेलचा प्रकार: रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे, आणि चुकीचा प्रकार निवडलेला असला की भरलेले सेलही संपल्यासारखे दिसतात. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया: तो डब्ल्यूजीएस ८४ असावा. दांडी खिशात दाबली जाऊन तो बदलतो, आणि जुन्या भारतीय डेटमवर गेलात तर आपल्याकडं पॉइंट शंभर मीटरहून जास्त सरकतो. म्हणजे विहीर शेजाऱ्याच्या रानात. तिसरी गोष्ट तारीख. मोजणीतून निवृत्त झालेल्या एका काकांचं फार जुनं युनिट जागा बरोबर सांगायचं पण साल चुकवायचं, १९ वर्षं ७ महिने मागं. जीपीएसच्या मूळ सिग्नलमध्ये आठवडे १०२४ पर्यंतच मोजले जातात, मग पुन्हा शून्य. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झालं. त्याला दुरुस्ती नाही, नवं सॉफ्टवेअर मिळालं तर ठीक, नाहीतर तारीख वहीत लिहायची. काका वहीतच लिहितात.

आता रबरी पट्टा. आमच्याकडं ४२-४३ डिग्रीला, गाडीच्या डिकीत, खालचा गोंद डांबरासारखा होतो आणि पट्टा सुटतो. दिसायला किरकोळ, पण त्याच पट्ट्यात बाजूच्या बटणांची टोपणं असतात. बटणाच्या रबराला नखाएवढी चीर पडली की पाणी तिथूनच आत शिरतं. जुना गोंद अल्कोहोलनं निघतो, वेळ लागतो, बोटांनी वळ्या करत काढा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी यातलं काहीही वापरू नका. प्लास्टिक विरघळतं, मी एका कोपऱ्याची वाट लावून शिकले. चिकटवायला मोबाईलवाले वापरतात तो बी ७००० गोंद घ्या. पातळ रेघ ओढायची, पट्टा बसवायचा, वर सुती पट्टी आवळून गुंडाळायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. फेविक्विक मात्र नको, ते कडक होऊन तडकतं आणि त्याची वाफ स्क्रीनवर पांढरी धरते. बटणाची चीर बुजवायला सिलिकॉन चालतं, पण ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते घेऊ नका, ते तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

उघडायचं कधी? आत पाण्याची वाफ दिसत असेल, दांडी एका दिशेला चालतच नसेल, किंवा यूएसबीचं तोंड हलत असेल, तरच. माझी दांडी वर जायची पण खाली येत नव्हती, म्हणून मला उघडावंच लागलं, आणि मी एकटीनं उघडलं नाही. अंबाजोगाईच्या मंडी बाजारात एक मोबाईलवाला आहे, त्याला आम्ही सगळे मामू म्हणतो. युनिट हातात घेऊन त्यानं आधी वास घेतला. "ताई, इसमें चिखल गया था ना?" मी हो म्हटलं. त्या रात्रीला पाच वर्षं होऊन गेली होती.

माझ्या युनिटला बाहेरून एकही स्क्रू नाही. पट्ट्याखाली सांध्यावर काळी चिकटपट्टी असते, ती ब्लेडनं कापत गेलं की दोन शिंपले सुटतात. लगेच फाकवायचे नाहीत. दोन्हीला जोडणारी रिबन कागदाएवढी पातळ असते, आणि ती तुटली की संपलं. मामूनं आधी नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून, आणि युनिट वहीसारखं चार बोटं उघडलं. दांडीच्या बुडाशी काळ्या मातीचा वाळलेला थर होता, बारीक, पापुद्र्यासारखा. मऊ ब्रशनं झाडला, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, दांडी चारी दिशांना पन्नास-पन्नास वेळा फिरवली, वाळू दिली. खाली यायला लागली. यूएसबीचं तोंड डगमगत होतं, त्याचे टाके त्यानं नव्यानं भरले. ते काम घरच्या जाड सोल्डरिंगनं करायला जाऊ नका, टाके ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक असतात.

बंद करताना सांध्याला मोबाईलच्या स्क्रीनची दुहेरी चिकटपट्टी आणि वरून बी ७०००. अल्कोहोल, गोंद, पट्टी आणि मामूची मजुरी धरून ३४० रुपये झाले. मात्र एकदा उघडलेलं युनिट पाण्यात टिकेल असं मानायचं नाही. डब्यावर आयपीएक्स ७ छापलेलं असतं, एक मीटर पाण्यात अर्धा तास, ते कंपनीच्या जोडणीला लागू होतं, मामूच्या नाही. बादलीत बुडवून परीक्षा घ्यायचा मोह होतो. मी पावसाळ्यात झिपच्या पिशवीत घालून वापरते, त्यातून सिग्नल बिनदिक्कत येतो.

दुरुस्तीनंतर एकदा ओळखीच्या जागी तपासा. धारूरकडच्या एका जुन्या विहिरीला अजून मोटेचं दगडी थारोळं शाबूत आहे. २०१२ मध्ये मी पॉइंट त्या थारोळ्याच्या मधोमध घेतला होता. तिथंच युनिट ठेवलं, पाच मिनिटं थांबले, नोंद घेतली, दीड तासानं पुन्हा घेतली. अंश दशांशात लिहिले तर पाचवा आकडा एकानं बदलला म्हणजे साधारण एक मीटर. माझा फरक चार मीटर आला. असल्या युनिटकडून याहून जास्त मागू नये. दहा-पंधराच्या वर गेला असता तर मी पुन्हा डेटम आणि अँटेनाची तार बघितली असती.

विहिरीचे मालक आबा बांधावर बसून हे सगळं बघत होते. "काय ताई, इहीर हलली का?"

"चार मीटर."

"आन् पाणी?"

ते दोरीला दगड बांधून मोजलं. साडेअकरा मीटर, वहीत लिहिलं.

घरी आल्यावर सेल काढले. आता काम नसलं की ते खोबणीत राहत नाहीत, सुपारीच्या रिकाम्या डबीत राहतात, आणि डबी युनिटलाच रबरबँडनं बांधलेली असते.