अफरवतवर दोरीपलीकडे जाण्याआधी

अफरवत डोंगरावर, गुलमर्ग गंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याजवळच्या मुख्य उतारावर स्की पेट्रोलचे, म्हणजे उतारावरच्या सुरक्षा पथकाचे, लक्ष असते. त्याची हद्द दाखवणारी दोरी ओलांडली की हिमस्खलनाचा हिशेब आपला आपणच करायचा, आणि त्याची सुरुवात घरून होते. सिम पोस्टपेड घ्या, बाहेरच्या राज्यातले प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे बेकायदा आहे.

बीकन (गाडल्या गेलेल्याचा माग काढायला सिग्नल देणारे-घेणारे यंत्र), किमान २४० सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब सळई) आणि धातूचे फावडे प्रत्येकाच्या अंगावर हवे. गटात एकच फावडे असले तर ते नेमके गाडल्या गेलेल्याच्या पाठीवर असू शकते. प्लास्टिकचे फावडे तर नकोच: कोसळून थांबलेला बर्फ घट्ट बसतो, त्यात ते मोडते. बीकन तीन अँटेनांचा असावा आणि त्यात कंपनीने सांगितलेलेच सेल घाला. जाकिटाच्या आत, पट्ट्यांनी अंगाला बांधा. फोन त्यापासून २० सेंटिमीटर लांब आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर लांब ठेवा, नाहीतर आकडे भरकटतात.

सराव बर्फाविना होतो. मैदानात चालू बीकन पिशवीत घालून लपवा आणि शोधा. शेवटच्या तीन मीटरांत वेग कमी करा, बीकन जमिनीलगत आणा, त्यावर सर्वांत लहान आकडा, म्हणजे सर्वांत कमी अंतर, दिसेल तिथून २५-२५ सेंटिमीटरवर चक्राकार प्रोब टोचायचा, तोही उताराला काटकोनात. प्रोब लागला की तो तसाच राहू द्या आणि उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जा. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसे जगतात. अर्ध्या तासाने आशा फार थोडी उरते. म्हणून हा सराव हाताला बसेपर्यंत करा, आमच्या मते यादीतली सर्वांत महत्त्वाची बाब हीच.

आदल्या संध्याकाळी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचे हिमस्खलन बुलेटिन वाचा आणि सकाळी पेट्रोलला विचारा: २४ तासांत किती पडले, वारा कुठून होता? ताजा बर्फ ३० सेंटिमीटरच्या आसपास असेल किंवा वाऱ्याने आडोशाच्या बाजूला थर रचला असेल, तर तो दिवस ३० अंशांखालच्या उतारांवर काढा, आणि त्यांच्या वर तीव्र उतार नाही हेही पाहा. बहुतेक स्खलने ३० ते ४५ अंशांत सुटतात. स्कीची काठी उतारावर वरून खाली झोपवून तिच्यावर कोन मोजणारे अ‍ॅप लावलेला फोन ठेवला की कोन कळतो.

पीर पंजालमध्ये, म्हणजे गुलमर्गच्या या पर्वतरांगेत, सुरुवातीचा बर्फ पातळ आणि रात्री कडाक्याच्या असल्या की तळाशी साखरेसारखे सुटे कण तयार होतात. मूठ वळली तरी ते चिकटत नाहीत. वर कितीही छान बर्फ साचो, तो याच कच्च्या थरावर बसलेला असतो. पायाखाली ‘धप्प’ आवाज झाला किंवा स्कीच्या पुढे भेगा धावल्या, तर खड्डा खणून चाचणी करत बसू नका, आल्या वाटेने फिरा.

संशयाचा उतार एकेकानेच पार करावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. मार्चमध्ये ऊन चढल्यावर पाय घोट्यापर्यंत ओल्या बर्फात जाऊ लागला, की त्या दिवसाचे उतार संपले.