बडोद्यात नवीन आलात आणि सायकल घ्यायचीय?

साताऱ्याहून बडोद्याला येऊन मला सतरा वर्षं झाली. दर जूनमध्ये आमच्या सोसायटीत महाराष्ट्रातून एखादं तरी नवीन बिऱ्हाड येतं. पहिले काही महिने गॅस, शाळा, भाडेकरार यांत जातात आणि दिवाळीच्या सुमाराला प्रश्न येतो, "काकू, इथे सगळं सपाट आहे, एखादी सायकल घ्यावी म्हणतोय. रोज नाही, अधूनमधून चालवायला. कोणती घेऊ?" मी सांगते. ते मान डोलावतात. आणि चौथ्या दिवशी गेटवर वॉचमनच्या खुर्चीशेजारी एक लांबलचक खोकं येऊन उभं राहतं.

तर पहिली गोष्ट: खोक्यातली सायकल घेऊ नका.

मीही घेतली होती. यवतेश्वरचा घाट बघत वाढलेली मी, सायकल म्हटल्यावर गिअर हवेतच असं डोक्यात बसलेलं. २१ गिअर, दोन डिस्क ब्रेक, पुढे-मागे शॉकअब्सॉर्बर, सगळं साडेतेरा हजारात. खोक्यावर लिहिलं होतं, '८५ टक्के जोडलेली'. उरलेले १५ टक्के म्हणजे हँडल, पुढचं चाक, सीट आणि पायडल. म्हणजे जे जे निखळलं की माणूस पडतो ते सगळं आपण जोडायचं.

पायडलांचं नीट समजून घ्या. डावं आणि उजवं वेगळं असतं. दांडीच्या टोकावर बारीक एल आणि आर कोरलेलं असतं, कारण डाव्याचे आटे उलटे असतात. दोन्ही पायडलं पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवली की घट्ट होतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आमच्या ह्यांनी उजवं पायडल डावीकडे लावायला घेतलं. जाईना. "नवीन आहे, म्हणून घट्ट जातंय," असं म्हणत पान्याला नळाचा पाइप अडकवून त्यावर उभे राहिले. गेलं. आटे खात खात गेलं. अकराव्या दिवशी अकोटा-दांडियाबझार पुलावर, तो सोलर पॅनेलचं छप्पर असलेला, मी चढावर उभी राहून जोर लावला आणि पायडल पायासकट खाली. हनुवटी हँडलवर आपटली. पुढच्या दाताचं रूट कॅनल आणि कॅप मिळून नऊ हजार, नवीन क्रँक, म्हणजे पायडल बसतं तो दांडा, वेगळा. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, "जोडणी ग्राहकाने केली आहे." बरोबरच होतं म्हणा.

आता गिअरचं. बडोद्यात चढ म्हणजे पूल. तेवढ्यासाठी २१ गिअर म्हणजे एका चपातीसाठी परात भरून कणीक मळण्यासारखं. स्वस्त सायकलीचे गिअर दोनेक महिन्यांत उड्या मारू लागतात. स्वस्त शॉकअब्सॉर्बर म्हणजे नुसती स्प्रिंग. पायाची ताकद ती खाते आणि सायकलीचं वजन सतरा-अठरा किलोवर नेते. तारेने ओढले जाणारे डिस्क ब्रेक कुरकुरतात आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला ते लावता येत नाहीत. रिमला रबर घासणारे ब्रेक तो डोळे मिटून लावतो, रबर बदलायला शंभराची नोट पुरते.

तेव्हा बिनगिअरची, शॉकअब्सॉर्बर नसलेल्या सरळ फोर्कची, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर आणि स्टँड असलेली सायकल घ्या. टायर पावणेदोन ते दोन इंच रुंद. इथल्या स्पीडब्रेकरना तोच इलाज आहे. हिरो, एव्हॉन, हर्क्युलस, बीएसए, डेकॅथलॉन, काहीही चालेल. साडेसहा ते नऊ हजारांत काम होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा कोणी जुना भाव सांगत असेल तर तेवढं बोलून दाखवा. वडिलांची आठवण म्हणून अ‍ॅटलसच हवी असा हट्ट काही जण धरतात. त्यांचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनालाच बंद पडला. आठवण आठवणीतच राहू द्या.

मापाबद्दल दुकानदार फक्त चाकाचं सांगतो, २६ की २७.५. तुम्ही फ्रेम बघा. मधली नळी दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहायचं, नळी आणि आपल्यामध्ये इंच-दोन इंच मोकळं राहिलं पाहिजे. मग सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवायची, पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर. पण पुष्कळ वर्षांनी चालवत असाल तर पहिला महिना सीट इंचभर खालीच ठेवा, दोन्ही चवडे टेकले की भीती जाते. आणि पुरुषमंडळी, नळी खाली असलेल्या सायकलीला 'लेडीज' म्हणून नाक मुरडू नका. कॅरिअरवर भाजीची पिशवी असताना मागून पाय फिरवून उतरणं काय असतं, ते एकदा करून बघा.

दुकान घराजवळचं निवडा, दोनशे रुपये जास्त गेले तरी. कारण सायकल एकदाच घ्यायची असते आणि दाखवायला दहादा न्यायची असते. "छेल्लो भाव?" एवढं गुजराती पुरतं. आमच्यासारख्या नवख्यांनी, म्हणजे गायकवाडी काळापासून दांडियाबझारात राहणाऱ्यांच्या हिशेबी सतरा वर्षांनंतरही नवख्यांनी, आणखी दोन शब्द शिकावेत. 'थई जशे' म्हणजे होईल, पण आज नाही. आणि 'काले' म्हणजे उद्या. मला कोणी "काले लई जजो, बेन" म्हटलं की पहिलं वर्षभर वाटायचं, कालच न्यायची होती की काय.

पैसे द्यायच्या आधी दुकानासमोरच चाकं तपासा. सायकल स्टँडवर उचलून चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघत राहा. रिम रबराच्या एकदा जवळ, एकदा लांब जात असेल तर "आउट आहे, आउट काढून द्या" म्हणा. आमचा मिस्त्री चाक फिरवतो, अंगठ्याचं नख रिमपाशी धरतो आणि जिथे टिक्‌ आवाज येतो तिथली तार अर्धा वेढा आवळतो. दहा मिनिटांचं काम, पण गर्दीच्या वेळी कोणी आपणहून करत नाही.

जुनी घ्यायची असेल तर परीक्षा संपल्यावर युनिव्हर्सिटीच्या होस्टेलांतली मुलं विकतात. बिल मागा, फ्रेमखालचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा. पुढच्या चक्रावरची चेन चिमटीत धरून ओढा, दाते उघडे पडले तर चेन संपली.

पुण्याहून आलेल्यांना वेगळं सांगते, कारण ते ऐकत नाहीत. "आमच्या पुण्यात" अशी सुरुवात करून चाळीस हजारांची सायकल, घट्ट कपडे, हेल्मेट सगळं एका शनिवारी येतं आणि रविवारी थेट शहराबाहेरचा आजवा तलाव. सोमवारी गुडघे. होळीपर्यंत त्या हँडलवर टॉवेल वाळत असतात. आधी अकोट्याहून दांडियाबझारला जाऊन सेवउसळ खाऊन परत या. मिसळीशी तुलना करू नका, मीही सोडलंय. हेल्मेट मात्र त्यांचं बरोबर आहे, घ्याच.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. हे कोणी सांगत नाही, कारण इथे जन्मलेल्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. पतंग १४ जानेवारीला उडतात हे आपल्यालाही माहीत असतं, पण इथे डिसेंबरपासूनच आभाळ भरतं आणि तुटलेला मांजा रस्त्यावर आडवा लोंबत असतो. काच लावलेला, गळ्याच्या उंचीला, आणि उन्हात दिसत नाही. स्कूटरवाले हँडलला वाकवलेली लोखंडी तार बसवतात, ती उगाच नाही. सायकलवर गळ्याला जाड मफलर, दोन वेढे, अंगावर कितीही ऊन असो. समोर एखादा मुलगा हात वर करून धावताना दिसला की थांबा, मांजा त्याच्याच आसपास असतो. १४ आणि १५ ला, म्हणजे वासी उत्तरायणालाही, सायकल घरात. घरी आल्यावर मागच्या चाकाचा एक्सल बघा. एका जानेवारीत माझं चाक जड जाऊ लागलं म्हणून उलटं केलं तर फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्राच्या, मागे गुलाबी मांजाची गुंडाळी, सुपारीएवढी. भाजीच्या सुरीने कापून काढली, दोन बोटं कापून घेतली.

पावसाळ्यात बेसमेंटमध्ये सायकल ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्या खालच्या पार्किंगमधल्या सगळ्या सायकली बुडाल्या. लोकांनी पुसून ठेवल्या. महिन्याभराने पायडल मारलं की खरखर, कारण आतलं ग्रीस धुऊन गेलेलं आणि छर्रे गंजलेले. बुडालेली सायकल खोलूनच घ्यावी लागते, दोन्ही चाकांचे आणि पायडलचा, सगळे एक्सल. आणि साचलेल्या पाण्यातून सायकल काढायचं धाडस नको. खाली गटाराचं झाकण उघडं असू शकतं, आणि विश्वामित्रीच्या पाण्याबरोबर मगरीही येतात. पहिल्या वर्षी मलाही वाटलं होतं, लोक नवीन माणसाला घाबरवतात. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, तर जोराच्या दोन सरींतही भरतं, त्या दिवशी वळसा घालून जा.

कुलूप, मागचा लाल दिवा, घंटी. गायींना घंटी ऐकू येत नाही. एप्रिल ते जून सकाळी आठच्या आत घरी.

हवा पंधरा दिवसांनी भरा. किती भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. मोटरसायकलसारखा वॉल्व असेल तर पेट्रोल पंपावरही भरता येते.

महिन्याभराने तारा सैल पडतात, तेव्हा सायकल घेतली तिथेच नेऊन परत आउट काढून घ्या. तो "काले लई जजो" म्हणेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा, सकाळी नको.